गिलाव्यात कालवलेली पावडर
लेकीच्या तोंडात बोट घातलं तर ओली माती आन् भुसकट निघालं, लाळ थांबंना, मान माझ्या खांद्यावर टाकलेली, आन् भितीकडं बघितलं तर तिच्या उंचीला वंजळभर गिलावा उकरलेला. म्या तिला तशीच उचलून दिराला हाक मारली.

पोरगी दीड वरसाची. लेकरं माती खात्यात, त्येचं भ्या न्हाय. भ्या त्या गिलाव्याचं.

गेल्या साली गिलाव्याचा गारा म्याच तुडवला होता, माती, शेण आन् गव्हाचं भुसकट. भुसकट नसलं की माती वाळताना तडकती. पण भुसकटाला वाळवी लागली, भितीचे पोपडे पडले. आत्याबाई, म्हंजी माझ्या सासूबाई, येईल त्याला सांगायच्या, "आमच्या सुनेनं वाळवीला जेवण घातलं बघा." म्हणून ह्या साली कापसावर मारायची पावडर म्या गुपचूप गाऱ्यात कालवली. भित टिकली. परवाच आत्याबाई शेजारणीला म्हणल्या, "हिचा हात बसला गं आता." लगीन झाल्यापून पहिल्यांदा.

दिराच्या गाडीवर मधी लेकरू घेऊन मी, मागं आत्याबाई, तालुक्याला, लोहाऱ्याच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणले, "पोटात काय गेलंय?"

"माती वो साहेब," आत्याबाई म्हणल्या. "आमची समदी लेकरं भित चाटूनच मोठी झाली."

डॉक्टर माझ्याकडं बघायले. "नुसती माती? अजून काय?"

"काय न्हाय," म्या म्हणले. आत्याबाई शेजारीच हुब्या होत्या. सिस्टर कागदावर लिहायली. मग लेकीच्या छातीत घुरघुर झाली, ओठ निळे पडायले, तवा तोंडातून निघालं, "साहेब, भितीत पावडर हाय. किडं मारायची. म्या घातली."

पुढं नुसती पळापळ. नळ्या, सुया. तिसऱ्या दिशी लेक रडली, तवा माझ्या जीवात जीव आला.

घरी आल्यावर आत्याबाईंनी खुरपं घेतलं. दोघींनी मिळून समदा गिलावा खरवडला, घरापून लांब खड्डा करून पुरला. खुरपं धुताना त्या येवढंच म्हणल्या, "मला भिऊन गप बसलीस व्हय गं?"

लेक वाचली, समदे म्हणत्यात इसर आता. पण ते "काय न्हाय" माझ्याच तोंडचं हाय. शेजारी सासू हुबी असती, तर तुमी पहिल्याच खेपंला खरं बोलला असता का?