कस्टमरशीच बोलायचं आहे

"मॅडम, आम्हाला कस्टमरशीच बोलावं लागेल."

"कस्टमरला ऐकू येत नाही."

"हो मॅडम, पण व्हेरिफिकेशन त्यांच्याशीच करावं लागतं."

"अहो, त्यांनी तुमच्याकडून कानाचं मशीन घेतलंय. ते बिघडलेलं आहे. ते फोनवर तुमच्याशी बोलणार कसे?"

पलीकडून तोच गोड आवाज. "कस्टमरना त्यांच्या सोयीच्या वेळी कॉल घ्यायला सांगा, मॅडम."

मी फोन ठेवला. समोर नरसय्या बसले होते आणि माझ्या ओठांकडे टक लावून बघत होते. "काय म्हनली?" त्यांनी मोठ्यानं विचारलं. शेजारी बसलेल्या त्यांच्या मुलीनं, पद्मानं, नुसता हात हलवून 'नाही' अशी खूण केली.

मी ऑडिओलॉजिस्ट आहे. कानाचे डॉक्टर औषधं देतात, ऑपरेशन करतात. मी ऐकणं तपासते आणि गरज असेल तर मशीन बसवते. सोलापुरात क्लिनिक टाकलं तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्यांत यंत्रमागाच्या खडखडाटात आयुष्य काढलेली माणसं बरीच. त्यांचं ऐकणं एका ठरावीक पद्धतीनं जातं. जाड आवाज येतात, बारीक आवाज जातात. म्हणजे 'स', 'श', 'त' असली अक्षरं गळतात. माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. घरच्यांना वाटतं, म्हातारा मुद्दाम करतो.

नरसय्यांचं तसंच होतं. पद्मा शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका युनिटमध्ये कामाला. तिनं मोबाइलवर जाहिरात बघून वडिलांच्या नावानं, त्यांचाच नंबर टाकून मशीन मागवलं. त्यांना पार्सल स्वतःच्या नावानं मिळावं, एवढीच तिची हौस. नरसय्या ते घालून भाचीच्या लग्नाला गेले. अक्षता पडायच्या वेळी मशीन शिट्टी मारायला लागलं. जरा बंद व्हायचं, पुन्हा सुरू व्हायचं. आधी पोरं हसली, मग मोठी माणसंही. नरसय्यांनी ते काढून खिशात टाकलं आणि न जेवता घरी आले.

"तेव्हापासून बोलणंच कमी केलंय त्यांनी," पद्मा मला म्हणाली. "मीच मागवलं ना मॅडम. मला काही म्हणत नाहीत, पण माझ्याकडं बघतही नाहीत."

मी ते मशीन टेस्ट बॉक्समध्ये घातलं. ही एक छोटी पेटी असते. आत मशीन ठेवायचं, पेटी त्याला मोजके आवाज ऐकवते आणि मशीन त्याचं काय करतं ते कॉम्प्युटरवर दिसतं. पहिली गोष्ट म्हणजे ते हिअरिंग एड नव्हतंच. सगळेच आवाज सारखे मोठे करणारा साधा ॲम्प्लिफायर होता. पण निदान साधा तरी असावा! व्हॉल्यूम एक पायरी वाढवला की आवाज एकदम चारपट उसळत होता. एवढा आवाज रोज कानात गेला तर उरलंसुरलं ऐकणंही जाईल. हे नुसतं निरुपयोगी मशीन नव्हतं, धोक्याचं होतं.

मी रिपोर्ट करून दिला. पद्मानं तो विक्रेत्याला पाठवला. उत्तर आलं, 'कानात घालायची वस्तू उघडल्यावर परत घेतली जात नाही.' आम्ही सरकारच्या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. मग विक्रेता जरा नरमला. परत घेऊ, पण आधी कस्टमरचा व्हेरिफिकेशन कॉल. तो कॉल नरसय्यांच्या फोनवर यायचा. ते नुसतंच 'हॅलो, हॅलो' करायचे. लगेच मेसेज पडायचा, 'ग्राहकाकडून प्रतिसाद नाही, तक्रार बंद.' पद्मानं फोन घेतला की 'ऑर्डर तुमच्या नावावर नाही.' पुन्हा तक्रार, पुन्हा कॉल, पुन्हा बंद. मी मध्ये पडले तर माझीही तीच गत. त्यांच्या सिस्टिममध्ये बहिरा ग्राहक नावाचा प्रकारच नव्हता, आणि विकत होते कानाचं मशीन.

शेवटी एकच रस्ता उरला. माझ्याकडं ट्रायलसाठी मशिनं असतात. त्यातलं एक नरसय्यांच्या तपासणीप्रमाणे सेट करायचं, ते घालून त्यांनी स्वतः फोनवर बोलायचं.

मी पाटीवर लिहून त्यांना विचारलं. त्यांनी वाचलं आणि मान फिरवली.

"नको. पुन्यांदा मशीन नको. समदे हसत्यात."

पद्मानं हात जोडले. उपयोग झाला नाही. मी विचार करून पाटी पुसली आणि दुसरं लिहिलं. 'ऐकायला नको. भांडायला घाला.'

ते वाचून ते पहिल्यांदा जरा हसले. पद्मा म्हणाली, "कारखान्यात कामगारांचं गाऱ्हाणं मालकाकडं हेच घेऊन जायचे."

"भांडायला हाय व्हय?" नरसय्यांनी कान पुढं केला. "मग घाला."

मशीन सुरू केलं. त्यांनी मान वळवून छताकडं बघितलं.

"मॅडम, फॅन लई कुरकुरतोय तुमचा. तेल घाला की."

पद्मा रडायला लागली. मला मात्र फोनची काळजी होती. फोनवरचा आवाज आधीच कापलेला येतो. नवख्या माणसाला चांगल्या मशीननंही तो लगेच समजत नाही. ठरलेल्या वेळी फोन वाजला. आम्ही तो स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. एक तरुण मुलगी मराठीत बोलत होती. नाव, पत्ता, ऑर्डर. नरसय्या वाकून, डोळे मिटून ऐकत होते. एकदोनदा "पुन्हा सांग" म्हणाले, पण उत्तरं बरोबर दिली.

मग ती म्हणाली, "सर, तुम्हाला माझा आवाज ऐकू येतोय ना?"

"येतोय की."

"म्हणजे मशीन व्यवस्थित चालतंय, सर. मग तक्रार क्लोज करू?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी बोलायला तोंड उघडलं, तर नरसय्यांनी हातानं मला थांबवलं.

"हे बघ अम्मा," ते म्हणाले. नरसय्यांसारख्या तेलुगू घरांत मुलीलाही मायेनं अम्मा म्हणतात. "माझ्या कानात हाय ते मशीन मॅडमचं. तुमचं हितं टेबलावर पडलंय. ऐकतीस?"

त्यांनी ते मशीन सुरू केलं, मुठीत धरलं आणि फोनजवळ नेलं. मुठीत धरलं की त्याचाच आवाज त्याच्यात परत शिरतो आणि शिट्टी सुरू होते. अशी काही किंकाळी निघाली की आम्ही दोघींनी कान झाकले. फोनमधून ती मुलगी ओरडली, "सर, बंद करा! प्लीज बंद करा!"

नरसय्यांनी बंद केलं. आवाज अजिबात न चढवता म्हणाले, "तुला कानाचा हेडफोन काढून ठेवता येतो. मी लग्नात हुतो. भाचीच्या डोक्यावर अक्षता पडत हुत्या."

त्या मुलीचा आवाज बदललेला आला. "सॉरी, काका." आतापर्यंत सर होते, ते काका झाले. "मी रिटर्न मंजूर करते."

काम झालं होतं. मी फोन बंद करायला हात पुढं केला. नरसय्यांनी तो पुन्हा अडवला.

"आन् हे मशीन परत आलं की काय करणार?"

"ते... वेअरहाउसला जाईल, काका."

"पुसून दुसऱ्याला विकणार?"

ती हळूच म्हणाली, "मला माहीत नाही, काका. खरंच माहीत नाही."

"मग कळेपर्यंत मी देत न्हाय. पैसं नका देऊ. पर हे कुणाच्या कानात जायचं न्हाय."

पद्मा माझ्याकडं बघायला लागली. एवढी धडपड करून मिळालेलं ते सोडायला निघाले होते. मी फोनकडं नेलेला हात मागं घेतला. मशीन त्यांचं, कान त्यांचा.

त्या मुलीनं सुपरवायझरला विचारून दुसऱ्या दिवशी फोन केला. रिफंड देतो, मशीन परत नको, तुम्हीच नष्ट करा. नरसय्यांनी ते क्लिनिकच्या ओट्यावर वरवंट्यानं फोडलं आणि तुकडे ई-कचऱ्याच्या डब्यात टाकले. विक्रेत्याच्या वेबपेजवर ते मशीन पुढंही बरेच दिवस विकायला होतं. मी हेल्पलाइनला रिपोर्टसकट पुन्हा कळवलं. आता ते तिथं दिसत नाही. माझ्यामुळं की आणखी कशामुळं, सांगता येत नाही.

नरसय्या आता स्वतःच्या मापाचं मशीन वापरतात. बापलेकीचं बोलणं सुरू झालंय. पद्माची तक्रार एवढीच, की आता ते सगळ्यातच बोलतात.

माझ्यापुरतं मी एक शिकले. मी त्या प्रकरणात फक्त रिटर्न मिळवायला निघाले होते, आणि मिळाल्यावर फोन ठेवणार होते. तक्रार कुठं संपते हे ती करणाऱ्यालाच ठरवू द्यावं. बाकी, कानाचं मशीन कान तपासल्याशिवाय घेऊ नये, हे मी रोजच सांगते. ऐकणारे ऐकतात.