गेरूचं जू
गल्लीत कुणीतरी गेरू भिजवलाय, त्या वासानं आजही माझी मान खाली गेली. सत्तरच्या दशकात, रिसोडजवळच्या आमच्या गावी मी मॅट्रिकला होतो. पोळ्याला बैलाच्या खांद्यावर कुणी जू ठेवत नाही, पण मी साहेब व्हावं म्हणून बाबांनी मला त्याही दिवशी पहाटेच पुस्तकांपुढे बसवलं. बैल रंगवला धाकट्या बहिणीनं. संध्याकाळी तोरणाखाली सगळा गाव आमच्या बैलाकडे बघून हसायला लागला. त्याच्या पांढऱ्या अंगावर तिनं गेरूनं चष्मेवाला पोरगा काढला होता, हातात पुस्तक अन् मानेवर जू. लाजेनं मला तोंड कुठं लपवावं कळेना. "हे काहून काढलं वं?" बाबा ओरडले. "बैलाले आज सुट्टी हाय, बाबा. दादाले नाई." हसणं थांबलं. बाबांनी पुसायला उचललेला शेला तसाच खाली आला. घरी आल्यावर, आदल्या दिवशी बैलाचे खांदे चोळून उरलेलं हळद-लोणी ते माझ्या मानेला चोळत बसले. माझ्याकडे त्यांना बघवत नव्हतं. आज पुन्हा पोळा आहे, आणि सकाळीच नातवाला झोपेतून उठवून शिकवणीचं दप्तर त्याच्या खांद्यावर मीच चढवलं.