दुपट्ट्याखालचा हात

रविवारी सकाळी आमच्या अमरावतीच्या घराच्या ओट्यावर पाच-सहा विद्यार्थी येऊन बसतात. माझे धाकटे दीर त्यांना शिकवतात. त्यांतले काही मुंबईच्या कॉलेजातून सुटीत आलेले, काही तिकडे जायच्या तयारीत असलेले. इंग्रजीचे, गणिताचे विचारून झाले की शेवटी सगळ्यांचा प्रश्न एकच असतो. चार लोकांत उभे राहून बोलावे कसे? आपले म्हणणे दुसऱ्याच्या गळी उतरावे कसे?

दीर सांगतात, "आधी समोर कोण बसलं आहे ते बघा. त्याचं काय दुखतं ते विचारा आणि मुकाट्यानं ऐका. मग आपली एकच गोष्ट सांगा, त्याला कळेल अशा रीतीनं. आणि थांबा. थांबणं सगळ्यांत अवघड."

मुले लिहून घेतात. मागच्या रविवारी एकाने विचारले, "मास्तर, हे कोणत्या पुस्तकात आहे?" दीर हसले आणि आतल्या दाराकडे पाहू लागले. मी तिथे डाळ निवडत होते. मी पदर पुढे ओढला आणि सूप घेऊन मागच्या अंगणात गेले.

ते पुस्तकात नाही, म्हणून इथे लिहून ठेवते. ही वही माझ्या पेटीत लुगड्यांच्या खाली असते. कुणाला दाखवायची नाही.

माझे माहेर अकोल्याचे. वडील शाळेत मास्तर होते. त्यांनी मला घरीच चौथ्या इयत्तेपर्यंत शिकवले. मग लग्न होऊन मी अमरावतीजवळ, वलगावच्या बाजूला, एका शेतकऱ्याच्या घरात आले. ती कापसाच्या भरभराटीची वर्षे होती. सातासमुद्रापलीकडे कुठे लढाई चालली होती आणि तिच्यामुळे आमच्या काळ्या मातीतल्या बोंडांना असा भाव आला होता की लोकांनी ज्वारीची शेतेसुद्धा कापसाखाली आणली. दिवसभर घरोघर रेच्यांची करकर चाले. रेचा म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचे लाकडी यंत्र. मला तो आवाज आवडे, कारण तो चालू असला की बोलावे लागत नसे.

मी फार लाजरी. कुणी नाव विचारले तरी मी दाराआड सरके. त्यात सासऱ्यांसमोर सुनेने बोलायचे नाही, ही त्या घराची रीत मला फार सोयीची वाटली. मामंजींना माझ्याशी काही बोलायचे असले तर ते सासूबाईंना सांगत, आणि मी दाराआड उभी असतानाही सासूबाई ते मला पुन्हा सांगत.

मामंजीही फार बोलणारे नव्हते. त्यांचे सगळे बोलणे हातात होते. चिमूटभर कापूस अंगठ्याखाली चोळून ते सांगत, ओल आहे की नाही, दोन शेतांचा माल एकात मिसळला आहे की काय. त्यांना अक्षरओळख नव्हती. तरी भाव चांगला होता आणि माझे यजमान शेत सांभाळायला होते, म्हणून त्यांनी धाकट्या मुलाला मुंबईला कॉलेजात धाडले. गावात असे कुणी केले नव्हते. "पोरगं साहेब होऊन येईन, मंग तुले वळखनार नाही," असे लोक चावडीवर म्हणत. मामंजी ऐकून घेत.

दिरांची पत्रे यायची. घरात वाचता येणारी मी एकटीच. यजमानांना सही करता येई, तेवढीच. म्हणून मी दाराच्या आत उभी राहून वाचायची आणि बाहेर मामंजी ऐकायचे. मधे उंबऱ्यावर सासूबाई.

पहिले पत्र अजून आठवते. 'तीर्थरूप पितृचरणी शिरसाष्टांग नमस्कार. विद्यामृताचे प्राशन करीत असता कालक्रमणा सुखरूप होत आहे. अज्ञानतिमिराचा लोप होऊन ज्ञानभास्कराचा उदय जाहला आहे.' असे दोन पाने.

"तिले म्हना, मोठ्यानं वाच," मामंजी म्हणाले.

मी मोठ्याने वाचले.

"हे कोनाले लिवलं?"

"तुमालेच," सासूबाई म्हणाल्या. "तीर्थरूप म्हनते ना तो."

"मंग मले काहून नाही समजून राह्यलं?"

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "जेवते का तो पोटभर? त्याचं काई लिवलं का, पाह्य ना."

काही लिहिले नव्हते. पण त्या माझ्या तोंडाकडे अशा पाहत होत्या की मी कागदाकडे बघून म्हणाले, "भाकरी मिळते म्हणतात. पण मायच्या हातची नाही."

सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मला भीतीही वाटली आणि धीरही आला. मी आणखी एक ओळ वाचली, जी कागदावर नव्हती. "तांबड्या बैलाचा खूर बरा झाला का, ते बाबांनी कळवावे."

मामंजींनी गोठ्याकडे पाहिले. मग म्हणाले, "बरा झाला म्हना."

तेव्हापासून ते तसेच चालू झाले. ज्ञानभास्कर आला की मी तो सोडून द्यायची आणि त्याच्या जागी विहिरीचे पाणी, गोठ्यातली गाय, वेचणीला बाया मिळाल्या की नाही, असे घालायची. ज्या बाईला बाहेर चार शब्द बोलता येत नाहीत, तिला कागदाच्या आडून हे जमत होते. समोरचा काय ऐकायला बसला आहे ते मला दाराआडून दिसे. दिरांना मुंबईहून दिसत नव्हते. पण मी हे खोटे करत होते, हेही मला कळत होते. एकदा उत्तराच्या पत्राखाली मी आपल्याकडून दोन ओळी लिहिल्या, की भाऊजी, घरच्यांना कळेल असे लिहा, तांबड्या बैलाच्या खुराचे विचारा. त्यांचे उत्तर आले: 'वहिनी, विद्येची भाषा अशीच असते.'

दुसऱ्या वर्षी पौषात ते सुटीवर आले. तेव्हा आगगाडी आमच्याकडे पोचली नव्हती. खानदेशातून पुढे बैलगाडीने यावे लागे. आठ दिवसांनी गावातून कापसाच्या गाड्या तिकडे निघणार होत्या, त्यांच्याबरोबर त्यांना परत जायचे होते. मधल्या दिवसांत मामंजींनी त्यांना आपल्याबरोबर अमरावतीच्या पेठेत नेले. संध्याकाळी गाड्या भरलेल्याच परत आल्या. काय झाले ते मला यजमानांनी सांगितले.

पेठेत सौदा तोंडाने होत नसे. विकणारा आणि घेणारा एकमेकांचा हात धरत, वर दुपट्टा टाकत आणि आत बोटे दाबून भाव सांगत. भोवती शंभर माणसे असली तरी भाव त्या दोघांनाच ठाऊक. हात दुपट्ट्याखाली असेपर्यंत कुणी बोलायचे नाही. मामंजींचा हात मुंबईच्या एका व्यापाऱ्याच्या हातात होता. बराच वेळ चालले होते. व्यापारी मान हलवी, मामंजी पुन्हा बोटे दाबत. दीर शेजारी उभे राहून कंटाळले. आणि कॉलेजात व्याख्यान द्यावे तशा आवाजात म्हणाले, "बाबा, हा कसला चोरटा व्यवहार? इतक्याच्या खाली द्यायचं नाही असं तुम्ही वाटेत म्हणालात ना? मग सांगा की उघड!" आणि तो आकडा त्यांनी सांगून टाकला.

सगळ्या पेठेने ऐकला. व्यापाऱ्याने हसत हात काढून घेतला. आता त्या आकड्याच्या वर कुणी जाणार नव्हते. एकाने मागून म्हटले, "पाटील, पोराले इद्या लय झाली!" मामंजींनी दुपट्टा झटकला, खांद्यावर टाकला आणि बैल जुंपले.

घरी आल्यावर ते एवढेच म्हणाले, "झालं शिकनं. आता घरी राह्य, रेच्यावर बस. ज्याले गप राह्यनं जमत नाही, त्याले मुंबईचं काय काम?"

दिरांचे कॉलेजचे एक वर्ष उरले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी वडिलांना ओट्यावर गाठले आणि बोलायला सुरुवात केली. विलायतेत बाजार कसे भरतात, उघड व्यवहाराने देश कसे मोठे झाले, विद्येने मनुष्याचे काय होते. चांगले बोलत होते. मी दाराआडून ऐकत होते आणि मला त्यातले पुष्कळ पटतही होते. मामंजी मांडीवर कापूस घेऊन चोळत बसले होते. बोलणे संपायच्या आधीच ते उठून गोठ्यात गेले.

"भाषन छान झालं रे," सासूबाई म्हणाल्या. "पन ऐकनारा गोठ्यात गेला. आता बैलाले सांग."

तिसऱ्या दिवशीही तेच झाले. चौथ्या दिवशी दीर स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन बसले. ते माझ्याहून लहान होते, त्यांच्याशी मला बोलता येई.

"वहिनी, मी काय कमी सांगितलं? एकसुद्धा मुद्दा सोडला नाही."

मी भाकरी थापत होते. हात कामात असला की मला बोलणे सोपे जाते. "तुमी लय सांगितलं, भाऊजी. इचारलं काईच नाही."

"काय विचारायचं?"

"त्याइले काय लागलं ते."

"नुकसान झालं, दुसरं काय?"

"नुकसान तर मागं गारपिटीनंबी झालं होतं. तवा ते असे नव्हते." मी भाकरी तव्यावर टाकली. "मामंजी घरात बोलत नाहीत, गावात बोलत नाहीत. त्या दुपट्ट्याखालीच काय ते बोलतात. अन् तुमी तोच सगळ्याइसमोर ओढून काढला."

दीर गप्प बसले. भाकरी पलटली, फुगली, उतरवली, तरी गप्पच. एवढा वेळ ते गप्प बसलेले मी पहिल्यांदा पाहिले. मग म्हणाले, "आता?"

"मले काय ठाव? इचारा न् त्याइलेच."

दुपारी ते गोठ्यात गेले. मागच्या भिंतीला लागून मी गोवऱ्या रचत होते, म्हणून मला ऐकू आले.

"बाबा, मी चुकलो. तो हाताचा सौदा मला कळत नाही. शिकवता का?"

बैलाच्या पाठीवरून हात फिरल्याचा आवाज येत राहिला. मग ते म्हणाले, "हात आन."

दोघे बराच वेळ आत होते. मधूनमधून मामंजींचा आवाज येई. "जोरात नाही. समोरच्याच्या बोटाले आधी ऐक. तो दाबते त्याच्यात कळते, त्याले गरज हाये का नाही." एवढे बोलताना मी त्यांना कधी ऐकले नव्हते. पुढचे दोन दिवस दीर त्यांच्याबरोबर पेठेत गेले आणि गाडीजवळ तोंड मिटून उभे राहिले. यजमान म्हणाले, लोकांनी टोमणे मारले, पण हा एक शब्द बोलला नाही.

गाड्या निघायला एक दिवस उरला होता. सकाळची न्याहारी झाली होती. मामंजी ओट्यावर बसले होते. दीर त्यांच्यासमोर येऊन बसले. आम्हाला वाटले, आता पुन्हा भाषण. त्यांनी काही न बोलता आपला हात पुढे केला.

मामंजींनी त्या हाताकडे पाहिले. मग खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि दोघांच्या हातांवर टाकला.

मी दाराच्या फटीतून बघत होते. दुपट्टा जरा हलला. मामंजींनी मान हलवली, नाही. पुन्हा हलला. दिरांनी खाली पाहिले. अंगणात रेच्यावर बसलेली बाई हात थांबवून बघू लागली. सासूबाईंना राहवेना.

"अगाई, किती वर्स मांगून राह्यला? मले तं सांगा!"

"श्श," दोघे एकदम म्हणाले.

शेवटी मामंजींचा हात दुपट्ट्याखाली एकदा घट्ट आवळला गेला आणि तसाच राहिला. मग त्यांनी दुपट्टा उचलून खांद्यावर टाकला.

"त्याच्या दशम्या करून ठेवा म्हना. गाड्या पहाटं निंगतीन."

"अन् ठरलं काय?" सासूबाईंनी विचारले.

"सौदा सांगत नसते."

काय ठरले ते दिरांनी मला आजवर सांगितलेले नाही. ते परीक्षा पास झाले आणि परत आले, एवढे खरे. मुंबईत राहिले नाहीत, यात त्या सौद्याचा भाग असावा असे मला वाटते.

मी दशम्यांचे पीठ मळायला घेतले. तेवढ्यात मामंजी दाराशी येऊन उभे राहिले. सासूबाई पाणी आणायला गेल्या होत्या, मधे कुणी नव्हते. ते भिंतीकडे बघत म्हणाले, "घरात जे कोनी पत्र वाचते, त्याले सांगनं हाये. आता जसं येईन तसं वाचा. दोन शेतांचा माल मिसळला का मले कळते."

माझे हात पिठात तसेच राहिले. म्हणजे इतके दिवस त्यांना कळत होते. बैलाचा खूर बरा झाला म्हना, असे ते कुणाला सांगत होते, तेही मला त्या क्षणी कळले. रीत मोडून मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याशी बोलले. एकच शब्द, आणि तोही जेमतेम ऐकू जाईल असा.

"हो."

माघ सरता सरता पत्र आले. आम्ही नेहमीसारखे बसलो, बाहेर मामंजी, उंबऱ्यावर सासूबाई, आत मी. मी कागद उघडला. आत ज्ञानभास्कर असला तर आता तोही वाचावा लागणार होता.

पत्र एका पानाचे होते. मी जसे होते तसे वाचले. 'बाबा, मी सुखरूप पोचलो. माय, दशम्या चार दिवस पुरल्या. बाबा, वाटेत एका ठिकाणी कापूस पाहिला, हातात घेऊन चोळला, ओला होता असे वाटले. मला बरोबर कळले का, ते कळवावे. तांबड्या बैलाचा खूर कसा आहे?'

ही ओळ खरेच कागदावर होती. मी पुन्हा पाहिली.

बाहेरून मामंजी म्हणाले, "तिले म्हना, पुन्यांदा वाच. मोठ्यानं."

सासूबाई ते मला सांगायला वळण्याआधीच मी वाचायला लागले होते.