एकोणीस भांडी आणि आईचं पहिलं घर

माझी आई कुणाच्याही घरी गेली की आधी दाराच्या मागे बघते. दिवाणखाना सगळेच आवरून ठेवतात, खरं घर दाराच्या मागे दिसतं, असं तिचं म्हणणं. तिथे किती पिशव्या अडकवल्यात, मोडकी छत्री आहे का, यावरून ती माळ्यावर काय असेल ते सांगते. मी चार घरांत पडताळून पाहिलंय. चारही वेळा तिचं बरोबर आलं.

तिचं नाव तुळजाबाई काळबांडे. माहेर-सासर दोन्ही वाशिमकडचं. लग्नानंतर भोसरीला आली आणि वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात, स्टोअरमध्ये, सतरा वर्षं राबली. सुरुवात झाडलोटीपासून झाली, शेवटी ती स्टोअर असिस्टंट होती. साडेचार हजार प्रकारचे नट, बोल्ट, वॉशर, बेअरिंग. कुठली वस्तू कुठल्या रॅकवर आहे, हे ती कॉम्प्युटर उघडायच्या आत सांगायची. गेल्या वर्षी कारखाना दुसऱ्या राज्यात हलला आणि आईची नोकरी गेली. मी हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. मी म्हटलं, "आता घरी बस. आराम कर."

"काहून? मले काय झालं? हातपाय चालते, डोकं चालते."

आठ दिवसांनी तिने माझ्याकडून मोबाइलवर एक मजकूर टाइप करून घेतला. 'घर लावून मिळेल. स्वयंपाकघर, कपाटं, माळा. तुळजा काळबांडे.' तो मी ओळखीच्या सगळ्या ग्रुपवर पाठवला. महिन्याभराने नाशिकहून शर्मिला नावाच्या बाईंचा फोन आला. त्यांचे वडील, दत्तप्रसाद वैशंपायन, शनिवार पेठेत एकटे राहत होते. इमारत पुनर्विकासाला जाणार होती, घरं एकेक करून रिकामी होणार होती, आणि पहिली पाळी त्यांची होती. अकरा दिवसांत बिल्डरला किल्ल्या द्यायच्या होत्या, आणि तीन खोल्या अधिक माळा एवढं सामान सिंहगड रोडवरच्या भाड्याच्या वन बीएचकेत बसवायचं होतं.

"हे घर जमलं तर पुढं करायचं," आई मला म्हणाली. "नाही जमलं तर तू म्हणते तसं घरी बसतो."

मीही रजा काढली आणि पहिल्या दिवसापासून सोबत गेले. वैशंपायनकाका पाटबंधारे खात्यातले निवृत्त आरेखक. धरणांचे नकाशे काढण्यात त्यांची हयात गेलेली. त्यांनी दार अर्धंच उघडलं.

"शर्मिलाने पाठवलंय ना? या. चपला बाहेर काढा. सल्लेही तिथेच ठेवा."

आईने कारखान्यातली पद्धत लावली. तिथे वर्षभर न हललेल्या वस्तूला लाल खूण करायचे आणि ती वस्तू भंगारात जायची. आई लाल फितीची रिळं घेऊन आली होती. दोन दिवसांत तिने दोनशे चौदा वस्तूंना फिती बांधल्या. बंद पडलेले पंखे, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून आलेले प्लॅस्टिकचे डबे, कधीच न शिवलेली ब्लाउजपिसं, शिवणयंत्र, नकाशांच्या गुंडाळ्या. मला ती यादी बघूनच भारी वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर एकाही वस्तूवर फीत नाही. सगळ्या फिती सोडवून, नीट गुंडाळून काकांनी टेबलावर ठेवल्या होत्या. एक तेवढी हातात होती.

"ही मला बांधा. वर्षभरात मीही फारसा हललेलो नाही."

आईने फिती पिशवीत भरायला घेतल्या.

"बाई, हे घर आहे, गोदाम नाही. टाकायचं काहीही नाही. तुम्ही काम करता चोख, पण मला नकोय." आणि आमच्यासमोरच त्यांनी मुलीला फोन लावला, "उद्यापासून यांना पाठवू नकोस."

काकांनी फोन ठेवेपर्यंत आई थांबली. मग म्हणाली, "काका, उद्याचा एक दिवस द्या. फक्त स्वयंपाकघर. फिती आणत नाही."

"आणू नकाच," काका म्हणाले. म्हणजे येऊ नका असं नव्हे, एवढं आम्ही धरून चाललो.

परतीच्या बसमध्ये मी काकांना नावं ठेवायला लागले, तर आईने मलाच थांबवलं. "चूक माही हाये. स्टोअरमध्ये नटाले कोणी इचारत नाही, तुला जायचं का म्हणून. इथं माणूस बसेल हाये, त्याले तर इचारायचं."

दुसऱ्या दिवशी तिने फडताळातली सगळी भांडी खाली काढली. तिला सवयच आहे, हातात आलेल्या वस्तूवर जे लिहिलंय ते वाचल्याशिवाय ती खाली ठेवत नाही. भांड्यांवर घातलेली नावं ती वाचत गेली आणि दोन ओळी लावत गेली. एक ओळ वैशंपायनांची. दुसऱ्या ओळीत एकोणीस भांडी. डबे, वाट्या, एक मोठं पातेलं. सगळ्यांवर वेगवेगळी नावं.

"काका, नम्रता पेंडसे कोण?"

काका दारात येऊन उभे राहिले.

"खालच्या मजल्यावरच्या. सुनीती, माझी बायको, आजारी होती, तेव्हा तीन महिने या इमारतीतून रोज कुणाचा तरी डबा यायचा. मग ती गेली. भांडी राहिली."

"परत नाही दिली?"

"रिकामं भांडं परत द्यायचं नाही, हा तिचा सक्त नियम. आणि मला चहापलीकडे काही येत नाही. सहा वर्षं झाली. जिन्यात पेंडसेबाई दिसल्या की मी वर्तमानपत्र वाचायला लागतो."

आईने तो डबा उचलून पुसला. "नियम बरोबरच आहे. पण आत शिजवलेलंच पाहिजे, असं थोडंच आहे? पेंडसेबाईंना कशाची आवड?"

"दुसऱ्यांच्या भांडणांची." मग म्हणाले, "शिवतात छान. दोघी मिळून शिवायच्या."

ते आत गेले. काकूंचा बटणांचा डबा स्वतः घेऊन आले. बटणं, हुक, लेस, सगळं पेंडशांच्या डब्यात ओतलं. झाकण बसेना, तेव्हा म्हणाले, "शिवणयंत्रही त्यांनाच लागेल. मी यंत्र घेऊन काय करणार?" आणि डबा घेऊन सहा वर्षांनी ते त्या मजल्यावर थांबले.

त्या घरातून बाहेर गेलेली ती पहिली वस्तू. त्यानंतर आईला फक्त विचारायचं काम उरलं. हे भांडं कुणाचं, त्यांना काय उपयोगी पडेल? वाटी एवढीशी आणि तिच्यासोबत पुस्तकांची दोन खोकी, असं चालू झालं. समोरच्या ऋतुजाने आर्किटेक्चरला प्रवेश घेतला होता. तिच्या आईच्या ताटलीत काकांची कंपासपेटी गेली, आणि मागोमाग ड्रॉइंगबोर्डही. पातेलं होतं बापूराव जगतापांचं. त्यांचा मंडईत भाजीचा गाळा, शिवाय ते सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांच्यासाठी काकांनी वीस वर्षांच्या सभांची इतिवृत्तं काढली, स्वतःच्या हरकती लाल शाईत लिहिलेली. पातेल्यात मावेनात, म्हणून दोरीने बांधून दिली.

नवव्या दिवशी एकोणीसही भांडी पोचली होती. दोनशे चौदा वस्तूंपैकी काकांनी बावीस ठेवल्या, आणि त्या का ठेवल्या हे आईला एकेक करून सांगितलं. आईने सगळं ऐकलं. नकाशांच्या गुंडाळ्यांसाठी तिने पलंगाखाली लांबट पेटी बसवून दिली.

किल्ल्या द्यायच्या दिवशी टेम्पो अर्धाच भरला. बापूराव जिन्यात आडवे आले.

"काळबांडेबाई, आमच्याकडे कधी येताय? आमचा माळा बघाल तर पळून जाल."

"येते की. पण आधी तुमच्याकडची दुसऱ्यांची भांडी बाहेर काढून ठेवा."

"सुरुवात माझ्या कढईपासून करा, सेक्रेटरी," काका टेम्पोतून म्हणाले. "आणि रिकामी नको."

त्या इमारतीतल्या नऊ घरांनी आईला बोलावलं. आता ती सकाळी माझ्या कंपनीच्या बसच्याही आधी बाहेर पडते. तिचा डबा मी भरते.