आकारामचे पट्टे

कोल्हापुरात रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांना कोण विचारतो, असं कुणी म्हणालं तर मी वाद घालणार नाही. तालमीच्या चौकात माझं स्टेशनरीचं दुकान आहे. वीस वर्षांत झेब्रा क्रॉसिंगवरून रीतसर रस्ता ओलांडणारं एकच माणूस मी पाहिलं, त्या शालूबाई. ते पट्टे त्यांच्या नवऱ्याने, आकारामने मारलेले होते म्हणून.

आकाराम आता साठीला टेकलाय. पट्टे मारणाऱ्या ठेकेदाराकडे तो तीस वर्षं कामाला आहे. हातगाडीवरच्या भट्टीत रंग वितळवायचा आणि खुणेवरून ओतत न्यायचा, हे त्याचं काम. फुटबॉलचा हंगाम आला की मैदानावरच्या रेघाही तोच आखतो, फक्कीने. फक्की म्हणजे मैदान आखायची पांढरी पूड. आमच्या पेठांतल्या संघांचं एकमेकांशी कधी पटलेलं नाही, पण आकारामच्या रेघेवर आजवर कुणी बोट ठेवलेलं नाही.

चौकातून डावीकडे पन्हाळ्याचा रस्ता फुटतो. तिथला कोपरा एवढा ऐसपैस, की ब्रेकला पाय न लावता गाडी वळते. आणि क्रॉसिंग नेमकं त्या वळणाच्या तोंडाशी. शहाणी माणसं तिथून कधी गेलीच नाहीत. ती चाळीस पावलं पुढे, बस थांब्यासमोर, जीव मुठीत धरून पळायची. शालूबाई तेवढ्या पट्ट्यांवरून जायच्या, दर गुरुवारी, पलीकडच्या भजनी मंडळात.

तीन वर्षांपूर्वी अशाच एका गुरुवारी पन्हाळ्याला निघालेल्या गाडीने त्यांना उडवलं. मांडीचं हाड मोडलं आणि डावा पाय कायमचा ओढत चालायची पाळी आली. गाडीवाला पळाला नाही. त्यानेच त्यांना दवाखान्यात नेलं आणि बाहेरच्या बाकावर बसून राहिला. मला त्याला शिव्या घालायच्या होत्या, पण जमलं नाही. त्या कोपऱ्यावर माझी स्कूटरही रोज तशीच वळत होती.

शुद्धीवर आल्यावर शालूबाई नवऱ्याला एवढंच म्हणाल्या, "तुमचा पट्टा हाय म्हणून मी थांबलो न्हाय." त्यात दोष देणं नव्हतं. पण आकारामला ते जे लागलं ते लागलंच. पट्टे मारतानाच ती जागा त्याला खटकली होती.

"मैदानात पेनल्टीचा ठिपका दोन बोटं सरकला तर मी पुसून परत मारतोय," तो एकदा माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून म्हणाला. "आन हितं कागदावर हाय म्हणून गप मारून मोकळा झालो."

तेव्हापासून शालूबाईंनी तो रस्ता ओलांडला नाही. भजन सुटलं. मंडळातल्या बायका सुरुवातीला बोलवायला यायच्या, मग त्याही यायच्या थांबल्या. गुरुवारी संध्याकाळी पलीकडून टाळांचा आवाज आला की त्या दारात येऊन उभ्या राहायच्या. मी दुकानातून बघायचो आणि बघवायचं नाही.

यंदा रस्त्यावर नवं डांबर पडलं आणि पट्टे पुन्हा मारायची वेळ आली. कागद घेऊन अनुजा नावाची तरुण इंजिनियर आली. कागदावर क्रॉसिंग जुन्याच जागी होतं.

आकारामने भट्टी पेटवलीच नाही. "मॅडम, हितं मी मारणार न्हाय."

"मामा, नकाशा मंजूर झालाय."

"मग दुसरा माणूस बघा."

मला वाटलं, आता जुंपणार. पण पोरगी तापली नाही. तिने त्याच्याकडून सगळं ऐकून घेतलं, शालूबाईंच्या अपघाताचंही. मग म्हणाली, "माणसं कुठून जातात ते मला दाखवा. नुसत्या तोंडी सांगण्यावर साहेब नकाशा बदलायचे नाहीत."

आकाराम शनिवारची सगळी रात्र काय विचार करत होता देव जाणे. रविवारी उजाडायच्या आत तो फक्कीची पोती घेऊन चौकात हजर. कोपऱ्यापासून बस थांब्यापर्यंत सगळ्या रस्त्यावर त्याने चाळणीने फक्कीचा पातळ थर पसरला. कोल्हापूरच ते, बघ्यांना काय तोटा. कुणी म्हणालं मंत्री येणार, कुणी म्हणालं मुंग्यांची पावडर. एक रिक्षावाला थांबून ओरडला, "ओ पावणं, हितं मॅच लावलीय काय?" आकाराम चाळणी हलवत राहिला.

अकराच्या सुमारास अनुजा आली. मी तिला दुकानाच्या गच्चीवर नेलं आणि तिच्याबरोबर मीही खाली पाहिलं. वीस वर्षं ज्या रस्त्याकडे तोंड करून बसलो, तो मी पहिल्यांदा बघत होतो. चाकांनी फक्की उडवली होती, पण सगळीकडची नाही. कोपऱ्यावर खोलीएवढी जागा जशीच्या तशी पांढरी राहिली होती. वळायला ती कुणालाच लागत नव्हती, तिच्यामुळे फक्त वेग सोडावा लागत नव्हता. आणि बस थांब्यासमोर पावलांची एक काळी वाट पडली होती, ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत. पलीकडचा फूटपाथ चपलांच्या पांढऱ्या ठशांनी भरला होता. जुन्या क्रॉसिंगच्या जागी पाऊल म्हणून नव्हतं.

अनुजाने भराभर फोटो काढले. खाली येऊन टेप लावून ती पांढरी जागा मोजली. "हे मी पुस्तकात शिकले होते, मामा," ती म्हणाली, "पण तुम्ही ते रस्त्यावर काढून दाखवलंत." आकाराम नुसता "व्हय" म्हणाला.

साहेबांनी पंधरा दिवसांची परवानगी दिली, तीही कुरकुरत. कोपऱ्यावरच्या मोकळ्या जागेत वाळूची पोती रचली आणि वळण आवळलं. बस थांब्यासमोर रस्त्याच्या मधोमध आणखी पोती लावून माणूस उभा राहील एवढा आडोसा केला. पहिल्या दिवशी मीच सगळ्यात मोठ्याने बोंब मारली. मला ब्रेक दाबावा लागला होता. दिवसभर हॉर्न आणि शिव्या. चौथ्या दिवशी हॉर्न कमी झाले. आठव्या दिवशी मी वळण घेताना रस्ता ओलांडणाऱ्या माणसाचं तोंड मला दिसलं, आणि मनात आलं, इतकी वर्षं मी काय बघून वळत होतो? मला माझीच लाज वाटली.

पंधरा दिवस सरले, नवी जागा मंजूर झाली. पट्टे मारायला गुरुवार आला, तो आकारामने मुद्दाम धरला की योगायोगाने, ते मी विचारलं नाही. बायकोला त्याने ये म्हटलं नव्हतं. बस थांब्यासमोर फक्कीने पट्ट्यांच्या कडा आखून तो भट्टीकडे वळला, तर समोर शालूबाई. हातात काठी, काखेत टाळांची पिशवी.

"अगं, रंग पडू दे," तो म्हणाला.

"रंगाचं काय घिऊन बसलाय," त्या म्हणाल्या. "गाड्या थांबत्यात का, ते बघू दे की."

पन्हाळ्याकडे जाणारी एक गाडी वळण घेऊन हळूच आली आणि थांबली. शालूबाईंनी काचेतून चालकाचा चेहरा नीट पाहिला. मग पाऊल टाकलं. आकाराम जागचा हलला नाही. मधल्या पोत्यांपाशी त्या थांबल्या, काठीवर भार देऊन दुसऱ्या बाजूला बघितलं, दोन रिक्षा जाऊ दिल्या. गिऱ्हाईकाला द्यायची सुट्टी नाणी माझ्या हातातच राहिली. मग तिकडचीही एक गाडी थांबली, आणि त्या पलीकडे पोचल्या. मागे वळून पाहिलं नाही. भजनाला उशीर झाला होता.

आकाराम वाकून खाली बघत होता. फक्कीच्या रेघा ठिकठिकाणी पुसल्या होत्या आणि पलीकडच्या फूटपाथवर पांढरे ठसे उमटले होते. एक पाऊल पूर्ण, एक फरपटलेलं. एक पूर्ण, एक फरपटलेलं.

"मामा, रेघा बिघडल्या," टेप घेऊन शेजारी उभी असलेली अनुजा म्हणाली. "परत आखायच्या का?"

"आखतो की," तो म्हणाला. "पर जागा बरोबर हाय." आणि बाहीने डोळे पुसून त्याने भट्टी पेटवली.