गोल्फमधली नुरा

आमच्या मलकापूरकडे माणूस जन्माला येतो तो कुस्ती बघायला आणि तिच्यावर संशय घ्यायला. आधीच ठरवून केलेल्या लढतीला नुरा म्हणतात, आणि ती ओळखायच्या खुणा वडिलांनी मला बाराखडीच्याही आधी शिकवल्या. हरलेला हसत उठला तर नुरा. जिंकलेला मान खाली घालून बाहेर पडला तर नुरा. सगळ्यांत पक्की खूण पाण्याच्या तांब्याची. जो खरा लढलाय त्याच्या हातून पाणी सांडतंच.

एवढी विद्या घेऊन मी कोयनानगरजवळ एका ठेकेदार कंपनीच्या स्टोअरमध्ये कारकून झालो. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची वर्षं. रेशनवर मिलो नावाची परदेशी लाल ज्वारी मिळायची, यंत्रं परदेशी, ती बसवायला येणारे पाहुणेही परदेशी. आपल्यातल्या एकाने तरी यांना यांच्याच खेळात हरवावं, एवढीच माझी इच्छा होती. देशासाठी दुसरं काही करणं कारकुनाच्या हातात नव्हतं.

कंपनीच्या मोठ्या साहेबांनी वसाहतीमागच्या माळावर गोल्फची सहा भोकं करून घेतली होती. तीच तीनदा फिरायची, आणि ज्याचे टोले कमी तो जिंकला. भोकांभोवती गवताऐवजी तेल घातलेली वाळू असायची. ती ओढून सारखी करायला आटपाडीकडचा चाळिशीचा एक माळी होता. साहेब लोक घरी गेले की मोडक्या काठीने तो एकटाच चेंडू मारत राही.

एका शनिवारी साहेबांची कंबर धरली. रविवारी एका परदेशी पाहुण्याला खेळायला जोडीदार हवा, म्हणून माळ्याला उभं केलं. बघायला दोघंच होतो, खुर्चीत साहेब आणि जांभळीखाली मी.

शेवटच्या भोकापर्यंत बरोबरी होती. तिथे पाहुण्याचा चेंडू भोकाच्या कडेवरून निसटला, मग पुढच्या टोल्याला आत गेला. माळ्याचा चेंडू सहा पावलांवर होता. हा एका टोल्यात गेला तर तो जिंकणार. त्याने मान वर करून जांभळीकडे पाहिलं. मी हात जोडून उभा होतो. त्याने हलकेच टोला दिला आणि चेंडू भोकात पडला.

माझे डोळे भरून आले, पण क्षणभरच. कारण पाहुणा हसला. टोपी काढून त्याने माळ्याचा हात हातात घेतला. माळी मान खाली घालून उभा. मी धावत जाऊन तांब्या पुढे केला, तर गडी घटाघटा प्यायला आणि थेंबही सांडला नाही. तिन्ही खुणा जुळल्या. साहेबांचा चेहरा बघायचं मला सुचलंही नाही.

मला भयंकर राग आला. पाहुण्याने मुद्दाम हरून आपल्याला खेळवलं असं वाटलं. सोमवारी कँटीनमध्ये मी छातीठोकपणे सांगितलं, "नुरा व्हती. माळ्याला दान दिलंय दान." जिंकल्याबद्दल माळ्याला कुणी चहासुद्धा पाजला नाही. हरल्यावर हसून हात मिळवायचा असतो ही त्या खेळाची रीत, आणि हात थरथरला तर चेंडू भोकात जातच नाही, हे मला फार पुढे कळलं.

पंधरवड्याने माळी स्टोअरच्या खिडकीशी आला. दंताळं, तेलाचा डबा आणि वाळू ओढायचं पोतं त्याने ठेवलं. त्याला कामावरून काढलं होतं.

"तुमी कँटीनीत काय म्हनला त्ये कळलं मला," तो म्हणाला. "खरं हाय, भाऊसाहेब. नुराच ठरली व्हती."

"म्हटलं नव्हतं? पाव्हणा मुद्दाम हरला."

"त्यो न्हाई. हरायचं मला व्हतं. शनवारी सायबांनी बजावलं, पाव्हण्याला जितू दे. मी व्हय म्हनलो. शेवटच्या भोकाला चेंडू बाजूला घालनार व्हतो."

"मग?"

"तुमी झाडाखाली हात जोडून हुबं व्हता. आपल्यातलं येक मानूस आलंय बघायला. त्येच्यासमोर कसं हरायचं?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. उन्हातून आला होता, पाणी मागितलं. मी माठातून तांब्या भरला आणि खिडकीतून पुढे केला. त्याच्या हातात पोचायच्या आत अर्धं पाणी माझ्याच हातून सांडलं.