बरे दिसण्याचे दिवस

माझी धाकटी नणंद एका संशोधन संस्थेत उंदीर सांभाळायची. पिंजरे धुणं, भुसा बदलणं, दाणापाणी बघणं आणि मेलेले वेचणं, हे तिचं काम. नात्यातले सगळे तिला ‘उंदरांची आई’ म्हणत. ती म्हणे, “तुमच्यापेक्षा बरे. उलट बोलत नाहीत.” नवरा लवकर गेला, पण एकुलत्या एका मुलाला तिने कशाची ददात भासू दिली नाही.

त्या वर्षी संस्थेत रक्तातल्या एका प्रथिनावर काम चालू होतं. निम्म्या उंदरांना ते टोचायचं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांवरच किरणांचा मारा करायचा. प्रथिन मिळालेले बहुतेक जगत. न मिळालेलेही पहिला दिवस मलूल पडून मग अशा उड्या मारत, की बघणाऱ्याला वाटावं काही झालंच नाही. थोड्याच दिवसांत ते पटापट मरत. हे सगळं ती पोळ्या लाटता लाटता सांगे, आणि मी “जेवायच्या वेळी नको गं!” म्हणून तिला गप्प करी.

तिचा हा मुलगा, माझा भाचा, एका कारखान्यात होता. तिथे सिरिंजांची खोकी तशाच किरणांखालून नेऊन निर्जंतुक करत. एकदा पट्ट्यावर खोकं अडकलं. धोक्याची घंटा वाजत होती, पण ती बिघडलेली, येताजाता वाजायची. तो आत शिरला, खोकं सोडवलं आणि बाहेर आला. त्या दिवशी घंटा खरी होती.

जेवणाच्या सुट्टीतच त्याला उलट्या सुरू झाल्या. इस्पितळात रक्त तपासलं. मी धावत त्यांच्याकडे राहायला गेले, तोवर स्वारी ठणठणीत.

“मामी, मला बघायला आलीस, की आईच्या हातचं खायला?”

हसावं तरी कसं? डॉक्टरांनी बजावलं होतं, की याच्या रक्तातली जंतूंशी लढायची ताकद आता झपाट्याने उतरेल, साधी सर्दीही जिवावर बेतेल. तेव्हा काचेच्या बंद खोलीत आत्ताच भरती व्हा. हा ऐकेल तर शपथ.

“धडधाकट माणूस आहे मी. पोट बिघडलं होतं, बरं झालं.”

“अरे, हे बरं होणं नव्हे,” नणंद काकुळतीला आली.

“तुझे उंदीर आणि मी एकच का गं?”

ती मग पदराला हात पुसत म्हणाली, “चल माझ्याबरोबर. वहिनी, तुम्हीही चला.”

सुट्टीचा दिवस होता, संस्थेत चिटपाखरू नव्हतं. उंदरांच्या खोलीत ओल्या भुशाचा उग्र वास होता. तिने दोन पिंजरे टेबलावर शेजारी ठेवले. दोन्हींत पांढरे, लाल डोळ्यांचे उंदीर.

“दोन्हींवर किरण सोडून झालेत. यातले कुठले वाचतील, सांग.”

भाच्याला गंमत वाटली. खाली वाकून त्याने नीट पाहिलं. डावीकडचे कोपऱ्यात गोळा होऊन झोपले होते. उजवीकडचा एक जाळीवर चढून उलटा लोंबकळत होता, दुसरा मागच्या पायांवर उभा राहून दाणे खात होता.

“हे उजवीकडचे. पैलवान आहेत नुसते!”

“त्यांना काही टोचलेलं नाही,” ती म्हणाली.

तो तसाच वाकलेला राहिला. उंदीर कराकरा दाणे फोडत होता. भाचा हळूच म्हणाला, “मग मला टोच ना ते. आत्ता. डॉक्टरांना विचार.”

“विचारलं रे. ते आधी द्यावं लागतं. मागाहून देऊनही पाहिलंय संस्थेत.”

“मग?”

तिने पिंजरे उचलून जागेवर ठेवले.

बाहेर आल्यावर त्याने विचारलं, “त्या काचेच्या खोलीत मोबाइल नेऊ देतात?”

“देत असतील.”

“मग घरी नको. इथूनच जाऊ.”

दुसऱ्या दिवशी आम्ही काचेबाहेर उभ्या होतो. आत तो पलंगावर मांडी घालून जेवत होता, आणि आम्हाला पाहून त्याने रिकामी वाटी उलटी करून दाखवली. नर्सबाई नव्या होत्या. कौतुकाने म्हणाल्या, “भूक छान आहे हो तुमच्या मुलाची! असंच चाललं तर लवकर घरी जाईल.”

नणंदेने माझं मनगट इतकं घट्ट धरलं, की कळ आली. दुसरा हात ती काचेसमोर हलवत राहिली.